परबवहिनींची नानकटाई

घाटकोपरच्या भटवाडीत दिवाळीची पहिली घंटा देवळात वाजायची नाही, ती बेकरीत वाजायची. नाक्यावर मुश्ताकचाचाची बेकरी होती. तिच्या दाराशी बायकांची रांग लागली, प्रत्येकीच्या कमरेवर पिठाचा डबा दिसायला लागला, की समजायचं, आता पडदा वर जायला फार वेळ नाही.

त्या काळी चाळीत ओव्हन कुणाकडे होता? घरी तूप-साखर फेसायची, त्यात मैदा, रवा घालून गोळा मळायचा, डब्यात भरायचा आणि बेकरीत द्यायचा. गल्ल्यामागे गोणपाटाचा पडदा होता. चाचा डबा घेऊन त्या पडद्याआड जायचा. "एक हाथ घुमाता हूँ," एवढंच म्हणायचा. थोड्या वेळाने पीठ बाहेर यायचं, मग बायका लांबलचक लाकडी टेबलाभोवती उभ्या राहून पेढ्याएवढे गोळे थापायच्या आणि काळ्या पत्र्यांवर मांडायच्या. पत्रे भट्टीत गेले की कोणते कुणाचे कळायला मार्ग नाही, म्हणून प्रत्येक घराची एक खूण असे. कुणी चारोळीचा दाणा टोचायची, कुणी कंगव्याचे दात उठवायची, कुणी नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण दाबायची.

नलिनी परबची खूण बॉबिनची. तिचा नवरा सहदेव गिरणीत कामाला होता. गिरणी बंद पडली तेव्हा बाकी काही हाती आलं नाही, पण सुताची एक लाकडी बॉबिन खिशात राहून गेली होती. तिचं टोक पिठात दाबलं की एक गोल चाक उमटे आणि मधोमध एक ठिपका. हे चाक भटवाडीत सगळ्यांना माहीत होतं. कारण त्या चाकाखालची नानकटाई जिभेवर ठेवली की चावावी लागायची नाही. लोक डोळे मिटायचे. लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे मुलगी बघायचं विसरून दुसरी नानकटाई उचलायचे. दिवाळीच्या फराळाची ताटं चाळभर फिरायची, तेव्हा पोरं चकलीच्या आधी ताटात चाक शोधायची.

नलिनीला कुणी कारण विचारलं तर ती सांगायची, "वरची पळी."

ही वरची पळी तिच्या सासूची. मालवणाकडची ती बाई वर्षभर तेलाचा थेंबसुद्धा जपून वापरायची. पण नानकटाईला वाटीभर तूप मोजून घातलं की त्यावर आणखी एक पळी ओतायची. नव्या सुनेने पहिल्या वर्षी ती पळी घातली नाही तेव्हा सासू चुलीजवळून म्हणाली होती, "दिवाळेक तरी हात आखडता घेव नको गो." तेव्हापासून नलिनीचा हात कधी आखडला नाही. सासू गेली, सहदेव गिरणीतून वॉचमनच्या नोकरीत गेले, मुलगा सुयोग मोठा झाला, कॉम्प्युटरवर काम करायला लागला. वरची पळी चुकली नाही. आणि बेकरीच्या टेबलाशी दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच, "परबवहिनी, तुमच्या हाताला काय आहे कोण जाणे." नलिनी पदर नीट करायची आणि हसायची. साधी बाई होती, पण टाळी कुठे घ्यायची ते तिला कळत होतं.

मग चाळ गेली. बेकरीही गेली, त्या जागी पत्रे ठोकले गेले. मुश्ताकचाचा मुलाबरोबर जौनपूरकडे आपल्या गावी निघून गेला. सुयोगने मुलुंड पूर्वेला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि नलिनी आणि सहदेव सामानाबरोबर तिथे आले.

घर चांगलं होतं. उजेड भरपूर, खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. सून प्रांजल मनाने मोकळी, तोंडाने तिखट, पवईला नोकरी करायची आणि येताना सासऱ्यांसाठी न चुकता काहीतरी खायला आणायची. सहदेवांनी तर आठवड्याभरात खालच्या बाकावर आपली मंडळी जमवली. पुरुषांचं बरं असतं, एक बाक आणि एक वर्तमानपत्र पुरतं. नलिनीला मात्र बाक सापडला नाही. मजल्यावर चार दारं, चारही बंद. कुणाच्या फोडणीचा वास येत नव्हता, कुणी वाटीभर साखर मागत नव्हतं. वॉचमन तिला "नऊशेतीनच्या आजी" म्हणायचा.

एकदा ती भाजीची पिशवी घेऊन लिफ्टने वर येत होती. अकराव्या मजल्यावरची एक तरुण बाई आत आली. कानात ते बिनवायरचं काहीतरी, हातात फोन, चेहऱ्यावर घाई. तिने नलिनीकडे, पिशवीकडे, पायातल्या रबरी चपलेकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मावशी, तुम्ही किती घरं करता? माझी बाई सोडून गेली हो."

नलिनी म्हणाली, "मी नाही करत." तेवढ्यात नववा मजला आला. ती उतरली.

यात अपमान करायचा त्या मुलीचा हेतू नव्हता, हे नलिनीलाही कळत होतं. कामवाल्या बायका तर तिच्या मैत्रिणी होत्या. चाळीतल्या अर्ध्याजणी हेच काम करायच्या आणि त्यांच्या घरी जाऊन तिने पंगती उठवल्या होत्या. टोचलं ते वेगळंच. भटवाडीत नाक्यापासून टेकडीपर्यंत कुणालाही विचारा, "परबवहिनी कुठे राहतात?" तर तो हात धरून दारात आणून सोडायचा. इथे ती कोण होती? हातात पिशवी असलेली एक बाई. तिने ही गोष्ट घरी कुणाला सांगितली नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर निरोप आला. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं, प्रत्येक घराने घरी केलेला एक पदार्थ आणायचा. निरोप पाठवणारीचं नाव गार्गी. प्रांजलने तिचा फोटो दाखवला. लिफ्टमधली तीच.

प्रांजल म्हणाली, "आई, आपण काय लिहू? मी ढोकळा टाकते, सोपा आहे."

नलिनीच्या तोंडून विचार करायच्या आतच निघून गेलं, "नानकटाई लिही."

"तुम्ही कराल?"

"मग काय. इतकी वर्षं कोण करत होतं?"

प्रांजल खूश झाली. लग्नात आहेर आलेला ओव्हन माळ्यावर खोक्यातच पडून होता. सुयोगने तो खाली काढला, पुसला, लावून दिला. नलिनीने त्याच्यासमोर उभं राहून त्याच्या काचेत डोकावून पाहिलं. एवढीशी भट्टी. पण तिला भीती वाटली नाही. पीठ ओळखीचं, हात ओळखीचा. तिने वाटीने तूप मोजलं, वर सासूची पळी ओतली, पिठीसाखर घालून तळव्याने इतकं फेसलं की ते पांढरं आणि हलकं झालं, मग मैदा, रवा, वेलची, जायफळ. गोळे केले, बॉबिनचं टोक दाबलं, ताटली आत सरकवली.

थोड्या वेळाने काचेतून पाहिलं तर गोळे नव्हतेच. सगळे वितळून एकमेकांत मिसळले होते आणि ताटलीभर एकच पिवळी चकती पसरली होती. बॉबिनच्या चाकाचा पत्ता नव्हता.

सहदेव चष्मा लावून बघायला आले. "घावनां केलंस काय गो?"

पण ते खाऊन मोकळे झाले, चहात बुडवून. म्हणाले, चव बरी आहे.

दुसऱ्या वेळी नलिनीने मनाला मुरड घालून वरची पळी वगळली. सासूच्या फोटोकडे पाहिलं नाही. या वेळी गोळे थोडे कमी पसरले, पण बाहेर काढून बोट लावलं तर मऊ. कच्ची राहिली म्हणून तिने ती पुन्हा आत टाकली. मग पुन्हा मऊ, पुन्हा आत. शेवटी बाहेर आली ती गार झाल्यावर टेबलावर टाकली तर ठक असा आवाज झाला. सहदेवांनी आपली कवळी सांभाळत एक तुकडा गालात धरला आणि म्हणाले, पानात सुपारी म्हणून चालेल.

नलिनी हसली नाही. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. इतकी वर्षं जी बाई नानकटाईच्या नावाने ओळखली जात होती, तिला नानकटाई येत नव्हती. तिला स्वतःलाच हे पटत नव्हतं. ती ओव्हनला दोष देत होती, मुलुंडच्या हवेला, पिशवीतल्या मैद्याला. पण ग्रुपवर नाव गेलं होतं. "९०३ – नानकटाई". रविवारी तिने हात हलवत जायचं, की पसरलेली चकती घेऊन जायचं, एवढाच प्रश्न उरला होता. म्हणजे त्या लिफ्टमधल्या मुलीने पुन्हा बघायचं आणि पुन्हा न ओळखायचं.

प्रांजलला सासूचा चेहरा बघवेना. ती पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आई, इतकं काय मनाला लावून घेता? माझ्या ऑफिसखाली एक बेकरी आहे. झकास नानकटाई असते. मी आणते, आपल्या स्टीलच्या डब्यात काढून ठेवू. कोणाला कळतंय?"

नलिनी "नको" म्हणाली नाही. "बघू," म्हणाली. आणि स्वतःच्या तोंडचा तो "बघू" ऐकून ती, त्या ओव्हनपुढे हरूनही पडली नव्हती, तेवढी स्वतःच्या नजरेतून खाली पडली. तरी संध्याकाळी तिने फराळाचा मोठा डबा काढून, पुसून, टेबलावर पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला द्रौपदीची आठवण झाली.

द्रौपदी भटवाडीतच मागच्या गल्लीत राहायची. मूळची साताऱ्याकडची, नवरा कुंडलिक बसचा ड्रायव्हर. ती मुश्ताकचाचाच्या बेकरीत कामाला होती. पत्र्यांना तूप लावायचं, खारी-टोस्ट पिशव्यांत भरायचे. दिवाळीच्या गर्दीत पडद्याच्या आत जाणारी बाई ती एकटीच. आता मुलगा विशाल आणि सून शीतल यांच्याबरोबर ट्रॉम्बेला राहत होती. नलिनीने फोन लावला आणि विचारलं, तुमच्याकडे एखादी बेकरी उरली आहे का गं, आपलं पीठ भाजून देणारी? द्रौपदी म्हणाली, "ये तर खरी. पीठ घेऊन ये."

नलिनीने पुन्हा पीठ मळलं. या वेळी वरच्या पळीसकट, कारण भट्टीत जायचं तर जुन्या रीतीने जावं. आणि डबा मांडीवर घेऊन ती आधी घाटकोपरला, तिथून ट्रॉम्बेच्या बसमध्ये बसली. ऊन असं होतं की डब्यातलं तूप वाटेत सुटायला लागलं. शेजारच्या बाईने विचारलं, मावशी, डब्यात काय? नलिनी म्हणाली, दिवाळी.

द्रौपदीने दारातच तिला मिठी मारली. दोघी एकमेकींच्या केसांकडे बघून हसल्या. चहा झाला, कुंडलिकच्या गुडघ्यांची चौकशी झाली, चाळीतलं कोण कुठे गेलं, कोण राहिलं नाही, हे झालं. मग द्रौपदीने सांगितलं की बेकरी आहे एक, पण आता ते बाहेरचं काही घेत नाहीत. मशीन आहे त्यांच्याकडे. नलिनीचा चेहरा उतरला.

"मग पीठ घेऊन का बोलावलंस?"

"बघायला," द्रौपदी म्हणाली. तिने डब्याचं झाकण काढलं, पिठात बोट रोवलं. बोट बुडापर्यंत गेलं. ती हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवत, मग पदर तोंडाला लावून.

"काय झालं गं?"

"काही नाही. वरची पळी सुटली नाही अजून तुझी."

नलिनी चमकली. "तुला कुणी सांगितलं वरच्या पळीचं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी पडद्याआड होते ना. तुमच्या कोकणातल्या सगळ्यांचीच असायची. डबा उघडला की पीठ नुसतं वाहायचं. चाचा म्हणायचा, परब का डब्बा आया, बेसन निकालो."

"बेसन?"

"मूठभर बेसन. कधी दीड मूठ. म्हणजे एक हात फिरवायचा ना तो, तेव्हा. मग पीठ उभं राहायचं."

शीतल आतून काहीतरी विचारायला आली आणि या दोघींकडे बघून परत गेली.

नाटकात एक माणूस विंगेत बसलेला असतो, हातात वही, समोर मिणमिणता दिवा. नट अडखळला की तो दबक्या आवाजात वाक्य पुरवतो. प्रेक्षकांना वाटतं, काय पाठांतर आहे. टाळी नटाला पडते. त्या माणसाला अंधारातून बाहेर येऊन कधी कुणी नमस्कार करायला सांगत नाही. पण तिथे निदान नटाला तरी ठाऊक असतं की कुणी सांभाळून घेतलं. नलिनीला तेवढंही ठाऊक नव्हतं. गोणपाटाच्या पडद्याआड तिचं वाक्य दरवर्षी कुणीतरी सावरत होतं आणि ती बाहेर उभी राहून पदर नीट करत होती.

तिला सगळं आठवलं. पाहुण्यांचे मिटलेले डोळे, ताटात चाक शोधणारी पोरं, "तुमच्या हाताला काय आहे कोण जाणे". काल प्रांजलने बेकरीतली नानकटाई आपल्या डब्यात भरायची म्हटलं तेव्हा तिला लाज वाटली होती. आता वाटलं, जन्मभर दुसरं काय केलं मग?

ती हळूच म्हणाली, "म्हणजे ती माझी नव्हतीच कधी."

"तुझीच होती."

"अर्धी चाचाची."

"मग अर्धी म्हण," द्रौपदी म्हणाली. "अर्धी काय थोडी झाली? तूप तुझं होतं ना? तुझ्याइतकं तूप त्या अख्ख्या रांगेत कुणी घालत नव्हतं. म्हणून तर तसली व्हायची. बेसन तो सगळ्यांच्यात टाकायचा, मग सगळ्यांची का नाही झाली तुझ्यासारखी?"

नलिनी डब्याच्या कडेला लागलेलं पीठ बोटाने निपटत राहिली.

"मी एकदा त्याला विचारलं होतं," द्रौपदी पुढे म्हणाली. "म्हटलं, चाचा, ह्यांना सांगत का नाही एकदा? तुमचं बेसन तरी वाचेल. तर म्हणाला, त्योहार के दिन किसी के हाथ को नाम नहीं रखने का. हाथ बड़ा है, आटा कम है, बस."

नलिनीने डोळ्यांना पदर लावला. रडली म्हणावं तर तसंही नाही. पदर खाली करून तिने विचारलं, "चाचाची मूठ केवढी होती गं?"

द्रौपदीने आपली मूठ पुढे केली, तिच्याकडे पाहिलं, मान हलवली. "माझ्यापेक्षा मोठी. माझी दीड धर."

मग द्रौपदीने बेसनाचा डबा काढला. नलिनीने स्वतःच्या हाताने दीड मूठ बेसन पिठात टाकलं आणि मळलं. बोटांना लगेच कळलं. पीठ हाताला चिकटायचं थांबलं, गोळा धरून ठेवायला लागला. हे पीठ तिच्या ओळखीचं होतं. लाकडी टेबलावर दरवर्षी तिच्यापुढे यायचं ते हे.

ओव्हन द्रौपदीकडे नव्हता आणि तिला तो लागतही नव्हता. तिने जुनं जाड पातेलं गॅसवर ठेवलं, तळाला मीठ पसरलं, मधे एक वाटी उपडी घातली, झाकण लावून चांगलं तापू दिलं. मग वाटीवर तूप लावलेली ताटली, तिच्यावर अंतर ठेवून मांडलेले गोळे, आणि गॅस अगदी बारीक. बेकरी बंद पडल्यापासून कुंडलिकच्या चहासाठी ती अशीच करत होती. म्हणाली, विकत कशाला आणायची, घरात तूप आहे, पातेलं आहे. वास सुटला. कडा बदामी झाल्या, माथ्याला बारीक भेगा पडल्या. नलिनीने सवयीने बोट पुढे केलं तसं द्रौपदीने तिचा हात धरला.

"हात नको लावू. गरम आहे तोवर ती मऊच असते. तान्ह्या पोराला उभं करतेस का? गार होऊ दे, आपली आपण उभी राहील."

म्हणजे दुसरी चूकही इथेच होती. बेकरीत पत्रे बाहेर यायचे ते मागच्या फळीवर निवायचे, मग डब्यात यायचे. गरम नानकटाई नलिनीने आयुष्यात कधी हातात घेतलीच नव्हती.

निवल्यावर कुंडलिकने एक तोंडात टाकली. त्याने डोळे मिटले. द्रौपदीने नलिनीला कोपराने ढोसलं.

रविवारी सकाळी मुलुंडच्या घरात टेबलावर दोन डबे होते. एक पुठ्ठ्याचा, सोनेरी फितीचा. प्रांजलने सासूच्या "बघू"चा अर्थ आपल्या परीने लावून पवईहून आणलेला. त्यातल्या नानकटाया साच्यातून काढल्यासारख्या, एकीवर एक ठेवली तर कड जुळावी अशा. दुसरा स्टीलचा. त्यात नलिनीने पहाटे ओव्हनमध्ये भाजलेल्या. एखादी थोडी लहान, एखादी थोडी बसकी, पण प्रत्येकीच्या माथ्यावर बॉबिनचं चाक, आणि चाकाला भेग.

प्रांजलने एक खाल्ली. मग लगेच दुसरी घेतली.

"अहो आई, हे काय घातलंत?"

"वरची पळी," नलिनी म्हणाली. आणि थोडं थांबून म्हणाली, "आणि खालची मूठ. तुला सांगेन कधीतरी."

पुठ्ठ्याचा डबा सहदेवांनी काखोटीला मारला आणि खालच्या बाकावर वाटायला नेला.

हॉलमध्ये ताटं मांडली होती, दिव्यांच्या माळा होत्या, गाणी चालू होती. नलिनी कोपऱ्यात उभी राहिली. नाटकाची तिसरी घंटा झाली की नट विंगेतून प्रेक्षकांकडे बघतो, तशी ती ताटांकडे बघत होती. बायका ताटांवरून फिरत होत्या. गार्गी आली, फोन खांद्याशी धरून बोलता बोलता तिने एक नानकटाई तोंडात टाकली, आणि तिचं बोलणं वाक्याच्या मध्ये थांबलं. तिने फोन ठेवून दिला.

"नऊशेतीनमध्ये कोण राहतं?" ती आजूबाजूला बघत म्हणाली. "ह्या कुठून मागवल्या?"

प्रांजलने सासूला पुढे केलं. "मागवल्या नाहीत. ह्यांनी केल्यात."

गार्गीने नलिनीकडे पाहिलं. लिफ्ट तिला आठवली की नाही, देव जाणे. बहुधा नाही. पण या वेळी तिने पिशवीकडे, चपलेकडे पाहिलं नाही. तोंडातली विरघळेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "काकू, तुमचं नाव काय?"

"नलिनी परब. भटवाडीत परबवहिनी म्हणायचे."

"मग परबकाकू, ही रेसिपी तुमची?"

टाळी समोर उभी होती. घ्यायची तेवढी बाकी होती. नलिनीने पदराकडे हात नेला, तो तिथेच थांबला.

"अर्धी माझी," ती म्हणाली. "अर्धी मुश्ताकचाचांची."

मग कोण चाचा, कसली बेकरी, पत्रे कसे, खुणा कशा, हे तिला सांगावं लागलं. बायका खुर्च्या ओढून बसल्या. एकीची आई परळला अशीच डबा घेऊन जायची म्हणे. दुसरी म्हणाली, माझी आजी बिल्ला दाबायची शाळेचा. शर्मिष्ठा नावाची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे ओव्हन आहे पण माझी नानकटाई नेहमी पसरते. नलिनी तिला म्हणाली, "पीठ घरी मळून आण. मी भाजून देते. सगळ्याच आणा."

ती हे बोलली तेव्हा तिला वाटलं, एखाददुसरी येईल.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गार्गीने ग्रुपवर लिहिलं, "आज परबकाकूंकडे भट्टी." दुपारपासून नऊशेतीनचं दार उघडं राहिलं, कारण घंटा वाजवत बसायला कुणाला वेळ नव्हता. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली. ताटल्या मिसळू नयेत म्हणून खुणा ठरवायच्या होत्या. शर्मिष्ठाने लिपस्टिकचं टोपण घेतलं, एकीने गाडीची किल्ली. सहदेव दारात उभे राहून कुणाचा नंबर पहिला, कुणाचा नंतर, हे गिरणीच्या गेटवरच्या थाटात सांगत होते.

गार्गी शेवटी आली. ऑफिसच्या कपड्यांत, दमलेली, हातात काचेचा डबा. म्हणाली, तूप जरा जास्त झालं वाटतं, आई म्हणायची सणाला मोजत बसू नये.

नलिनीने झाकण काढून बोट रोवलं. बोट बुडापर्यंत गेलं.

"बरोबर म्हणायची तुझी आई," ती म्हणाली. "तू तिकडे खूण शोध तुझी. मी एक हात फिरवते."

गार्गी पर्स उलटी करून खूण शोधायला लागली. नलिनी डबा घेऊन स्वयंपाकघरात आली, फळीवरून बेसन उतरवलं. एक मूठ टाकली. मग आपल्या मुठीकडे पाहिलं, चाचाची आठवली, आणि आणखी अर्धी टाकली. पीठ उभं राहीपर्यंत मळलं.

सहदेव पाणी प्यायला आत आले होते. त्यांनी सगळं पाहिलं.

"काय गो घातलंस त्येच्यात?"

"खंय काय," नलिनी म्हणाली.

संध्याकाळी गार्गीची ताटली निवली. घराच्या किल्लीचं गोल कडं दाबलेल्या तिच्या नानकटाया ताठ उभ्या होत्या, माथ्यावर भेगा. तिने एक खाल्ली, दुसरीचा फोटो काढला, आणि लहान पोरीसारखी सगळ्यांना दाखवत फिरली. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी भाजता आलं, असं ती तीन-चार जणींना म्हणाली. मग नलिनीपुढे येऊन थांबली.

"काकू, खरंच मला जमलं?"

नलिनीने तिच्या हातातला डबा घेतला, झाकण घट्ट लावून परत दिला.

"जमलं ना," ती म्हणाली. "हात मोठा आहे तुझा. आखडू नकोस."